दोन पाडव्यांमधलं वर्ष

2018 साली पाडवा 18 मार्चला आला होता, रविवारी. त्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी रात्री, मी श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून सिंकच्या नळाला टांगलं होतं आणि बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. शार्लट्सव्हिलला येऊन आम्हाला दीड वर्ष झालं होतं. नवऱ्याची इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक, लेक पहिलीत. गाव तसं लहान, डोंगराच्या कुशीतलं. थॉमस जेफरसनने 1819 मध्ये स्थापलेली व्हर्जिनिया युनिव्हर्सिटी हेच गावाचं देऊळ आणि हीच गावाची पेठ. कॅम्पसला इथे कॅम्पस म्हणत नाहीत, ‘ग्राउंड्स’ म्हणतात. आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला इतर अमेरिकेसारखं ‘फ्रेशमन’ न म्हणता ‘फर्स्ट इयर’. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार आपलेपणा वाटला. आपल्याकडेही एफ.वाय., एस.वाय., टी.वाय.च की.

त्या रात्री युनिव्हर्सिटीच्या मुलांच्या बास्केटबॉल टीमची मॅच होती. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा मार्च महिना म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. 68 कॉलेजं, आणि एक मॅच हरलात की घरी. चार गट, प्रत्येक गटात 1 ते 16 क्रमांक. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची गाठ सोळाव्याशी. 1985 पासून मुलांच्या स्पर्धेत अशा 135 मॅच झाल्या होत्या आणि 135 वेळा पहिला क्रमांकच जिंकला होता. आमची टीम तर त्या चार पहिल्यांमधलीही पहिली. त्या सीझनमध्ये 31 मॅच जिंकलेली, फक्त 2 हरलेली. समोर यूएमबीसी, म्हणजे मेरीलंड युनिव्हर्सिटीचं बाल्टिमोर काउंटीतलं कॉलेज. खेळापेक्षा बुद्धिबळासाठी जास्त नावाजलेलं.

हाफ टाइमला 21-21. मी दह्याचं फडकं पिळून परत टांगलं.

पुढच्या वीस मिनिटांत यूएमबीसीने 53 गुण केले. व्हर्जिनियाचा बचाव देशात सर्वांत कडक मानला जायचा. समोरच्या टीमला एवढे गुण पूर्ण चाळीस मिनिटांत मिळायचे, तेही घाम गाळून. जायरस लाइल्स नावाच्या मुलाने एकट्याने 28 केले. शेवटी 74-54. एका गुणाने, नशिबाने, पंचांच्या चुकीने नव्हे, वीस गुणांनी. शेवटच्या काही मिनिटांत कॅमेरा पुन्हा पुन्हा आमच्या मुलांच्या तोंडावर जात होता. मला टीव्ही बंद करावासा वाटत होता आणि करवतही नव्हता.

शेजारी एक आजोबा राहत. युनिव्हर्सिटीत नोकरी करून निवृत्त झालेले. इथल्या टीमचा गाजलेला खेळाडू राल्फ सॅम्प्सन याच्या काळापासून, म्हणजे 1980 च्या आसपासपासून, एकही सीझन न चुकवलेले. रविवारी मी गॅलरीत गुढी उभारली. पडद्याचा रॉड, आईच्या पैठणीचा जुना ब्लाउजपीस, तांब्या, साखरेच्या गाठी. आजोबा अंगणात कचऱ्याचा डबा घ्यायला आले होते. त्यांनी विचारलं, हे काय? मी नेहमीसारखं सांगून गेले, आमचं नवीन वर्ष, आणि ही गुढी म्हणजे विजयाची खूण. ‘विजय’ शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मला कळलं की मी काय बोलले. आजोबांनी गुढीकडे जरा वेळ पाहिलं. मी श्रीखंडाची वाटी दिली, ती घेतली, आभार मानले आणि आत गेले. दार लावायला त्यांना वेळ लागला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्या आठवड्यात सगळे म्हणत होते की असं कधीच घडलं नव्हतं. घडलं होतं. वीस वर्षांपूर्वी, मार्च 1998 मध्ये, सोळाव्या क्रमांकाच्या हार्वर्डच्या मुलींनी पहिल्या क्रमांकाच्या स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर 71-67 असं हरवलं होतं. अ‍ॅलिसन फीस्टरने 35 गुण केले होते. ती मुलींची स्पर्धा होती, म्हणून ‘कधीच नाही’ म्हणताना कुणाची जीभ अडखळली नाही. मला ते लागलं, कारण त्याच सुमाराला मी स्वतः खेळत होते.

सातारा जिल्ह्यातलं एक कॉलेज, मागे सिमेंटचं कोर्ट, एका रिंगला जाळी आणि दुसरी बोडकी. पावसाळ्यात शेवाळ धरायचं, ते आम्हीच खराट्याने घासायचो. मी एस.वाय.ला होते, 1999 साल. विभागीय स्पर्धेची फायनल. आम्ही एका गुणाने मागे, घड्याळात काही सेकंद, आणि मला फाउल झाला. दोन फ्री थ्रो. एक गेला असता तर बरोबरी, दोन गेले असते तर कप. पंधरा फुटांवरची रेघ, समोर कुणी अडवणारं नाही, हातात बॉल. फ्री थ्रोसारखा सोपा नेम बास्केटबॉलमध्ये दुसरा नाही, म्हणूनच त्याच्याइतका उघडा पाडणाराही नाही. पहिला रिंगच्या मागच्या कडेवर आपटून बाहेर आला. दुसरा रिंगपर्यंत पोचलाच नाही.

मला कुणी काही बोललं नाही. जीपमध्ये परतताना पोरींनी मुद्दाम गाणी म्हटली. पुढच्या जूनमध्ये मी टी.वाय.ला गेले आणि प्रॅक्टिसला गेले नाही. अभ्यास आहे म्हणाले. बॉल माळ्यावर टाकला. लग्न झालं, देश बदलला. मी बास्केटबॉल खेळायचे हे नवऱ्याला ठाऊक होतं, त्या दोन फ्री थ्रोंचं मात्र नाही.

म्हणून त्या वर्षी मी या टीमच्या मागे लागले. ती जिंकेल म्हणून नव्हे. एवढं जगासमोर हरल्यावर ही पोरं प्रॅक्टिसला येतात का, मला एवढंच बघायचं होतं.

ती आली. त्यांचे कोच टोनी बेनेट हरल्याच्या रात्रीच पत्रकारांसमोर बसले आणि समोरची टीम आमच्यापेक्षा सरस खेळली, हे त्यांनी आडवळण न घेता सांगितलं. डिआंद्रे हंटर हा मोठा खेळाडू मनगटाच्या दुखापतीमुळे त्या मॅचमध्ये नव्हता. ती ढाल पुढे करणं सहज शक्य होतं. बेनेट हे शिक्षकाच्या घरातून आलेले. त्यांचे वडील डिक बेनेट स्वतः कोच, आणि ज्या बचावासाठी व्हर्जिनियाची ख्याती होती, ती ‘पॅक लाइन’ त्यांचीच. बास्केटभोवती एक न दिसणारी कमान कल्पायची. बॉलवर एकाने जायचं आणि बाकीच्या चौघांनी त्या कमानीच्या आत दाटी करून राहायचं, म्हणजे आत शिरायला वाटच उरत नाही. या बचावात एकट्याने चमकायला जागा नाही. आपला माणूस सोडून शेजाऱ्याच्या मदतीला सरकायचं आणि परत वेळेत आपल्या जागी यायचं. लोक याला कंटाळवाणं म्हणत. मला तो खेळ आवडायचा. वारीत दिंडी चालताना माणसं जशी एकमेकांची पावलं सांभाळतात, तसा तो होता.

काइल गाय हा त्यांचा नेमबाज. इंडियानाचा, बारीक चणीचा. त्या वर्षी त्याने उघडपणे लिहिलं की त्याला चिंतेचा आजार आहे. तो तेव्हा विशीतला मुलगा. आणि हरलेल्या त्या रात्रीचा स्वतःचा फोटो त्याने फोनच्या स्क्रीनवर लावला. फोन दिवसातून किती वेळा हातात घेतला जातो! तेवढ्या वेळा तो ते बघत होता. मी हे वाचलं तेव्हा इस्त्री करत होते. इस्त्री बंद करून बसले. माझ्याकडे त्या फायनलचा एकही फोटो नव्हता, आणि असता तर मी तो जाळला असता.

2018-19 चा सीझन सुरू झाला आणि ते जिंकत गेले. मार्चच्या स्पर्धेपर्यंत तीनच हारी: दोन ड्यूककडून, एक फ्लोरिडा स्टेटकडून. त्या सगळ्या मॅचचं मी इथे सांगत बसत नाही, कारण तेव्हा गावात त्यांच्यावर कुणी बोलतच नव्हतं. किराणा दुकानातला मुलगा, लेकीच्या शाळेच्या बसचे ड्रायव्हर, सगळ्यांच्या मनात एकच: पुन्हा पहिला क्रमांक मिळेल, पुन्हा पहिल्या फेरीत सोळावा येईल. तसंच झालं. 22 मार्च 2019, गार्डनर-वेब नावाचं नॉर्थ कॅरोलिनातलं लहानसं कॉलेज. पहिल्या हाफमध्ये आम्ही 14 गुणांनी मागे पडलो. भिंतीपलीकडून आजोबांच्या टीव्हीचा आवाज येत होता, तो मध्येच बंद झाला. हाफ टाइमनंतर पोरांनी धीर धरला, 71-56 ने जिंकली, पण आवाज काही परत सुरू झाला नाही. दुसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, “मला बघवेना. सकाळी पेपरात वाचलं.”

ओक्लाहोमा झालं, ओरेगन झालं. मग 30 मार्चला लुइव्हिलमध्ये पर्ड्यू.

ती मॅच मी नंतर कितीदा पाहिली असेल! पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने 42 गुण केले, त्यात दहा नेम लांबून टाकलेले, तीन-तीन गुणांचे. हात समोर धरलेला असताना, तोल गेलेला असताना, कुठूनही. पाच पूर्णांक नऊ दशांश सेकंद उरले होते आणि व्हर्जिनिया तीनने मागे. टाय जेरोम फ्री थ्रोच्या रेघेवर. पहिला गेला. 70-68. दुसरा चुकला.

दुसरा चुकला तेव्हा मी उठून उभी राहिले आणि माझे पाय गार पडले. मला ती बोडकी रिंग दिसली, अगदी खरं सांगते.

आणि मग जे झालं ते त्या चुकलेल्या फ्री थ्रोतूनच झालं. ममादी डियाकिते, गिनीतून आलेला उंच मुलगा, गर्दीतून हात लांबवून बॉल मागे टोलवतो. बॉल उडतो तो थेट अर्ध्या कोर्टापलीकडे, जिथे कुणीच नाही. त्याच्यामागे पळतो कीहे क्लार्क. हा फर्स्ट इयर, उंची पाच फूट नऊ इंच. त्या मैदानावर सगळ्यांत बुटका. बॉल हातात येईस्तोवर वेळ संपत आलेली. कुणीही अशा वेळी डोळे मिटून रिंगच्या दिशेने भिरकावून दिला असता. पोराने मान वर केली, बघितलं, आणि लांबून सरळ रेषेत पास दिला डियाकितेला. नावाजलेल्या नेमबाजाला नाही, जो मोकळा होता त्याला. डियाकितेने बॉल हातात ठेवलाच नाही. आला तसा उचलून टाकला. वेळ संपल्याचा लाल दिवा लागायच्या आत तो हातातून सुटला होता. 70-70. जादा वेळेत 80-75. 1984 नंतर पहिल्यांदा व्हर्जिनिया शेवटच्या चारांत.

जेरोमचा दुसरा फ्री थ्रो आत गेला असता तर? 70-69, आणि बॉल पर्ड्यूकडे. मी कागदावर मांडून पाहिलं. बहुतेक हरले असते.

पुढची मॅच ऑबर्नशी, मिनियापोलिसला, 6 एप्रिलला, शनिवारी. कालनिर्णय उघडलं तर त्याच दिवशी पाडवा. आईने या वेळी वाळवलेला कडुनिंब पार्सलमध्ये पाठवला होता. सकाळी गुढी उभारली. आजोबा कुंपणाशी आले आणि त्यांनी बोट वर करून स्वतःहून म्हटलं, “विजय.” मागल्या वर्षीचा शब्द त्यांनी लक्षात ठेवला होता.

मॅच संध्याकाळी सहानंतर सुरू झाली. गुढी सूर्यास्ताच्या आत उतरवायची असते, आणि इथे एप्रिलात सूर्य पावणेआठच्या सुमाराला मावळतो. त्यामुळे हाफ टाइमला, ऑबर्न पुढे असताना, मी गॅलरीत जाऊन हळदकुंकू वाहिलं, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला, गुढी उतरवली. कापडाची घडी घालताना हात थरथरत होते. लेक म्हणाली, “आई, थंडी वाजतेय का तुला?”

दुसऱ्या हाफमध्ये आमची टीम दहाने पुढे गेली आणि मग ऑबर्नने सलग 14 गुण केले. शेवटच्या क्षणी 62-60, आम्ही मागे. कोपऱ्यातून काइल गायने तीन गुणांचा नेम टाकला, चुकला, घड्याळ संपल्यासारखं झालं, ऑबर्नची मुलं मैदानात धावली. पण शिटी वाजली होती. फाउल. घड्याळात शून्य पूर्णांक सहा दशांश सेकंद, आणि तीन फ्री थ्रो. त्याआधी जेरोमच्या हातून झालेली डबल ड्रिबलची (टप्पा थांबवून पुन्हा टप्पा मारण्याची) चूक पंचांनी पाहिली नव्हती, हेही खरं. ऑबर्नवाल्यांचा राग खोटा नव्हता. एवढं मोकळेपणाने मान्य केल्याशिवाय मला या मॅचचा आनंद घेता येत नाही.

गायने जर्सी वर ओढून तोंडावर घेतली. लहान मूल पांघरुणात शिरतं तशी. मग ती खाली केली आणि तो रेघेवर आला.

पहिला गेला. दुसरा गेला. 62-62. आणि तिसऱ्याच्या आधी ऑबर्नच्या कोचने टाइमआउट घेतला. मुद्दाम, याला थांबू दे, विचार करू दे, म्हणून. खेळात हे चालतं, मीही कोच असते तर घेतला असता. टाइमआउट संपला, तो परत आला. त्या सत्तर हजारांच्या स्टेडियममध्ये तो मुलगा एकटा, पंधरा फुटांवर. गेल्या वर्षभर फोन उघडताना त्याने जे बघितलं होतं ते त्याला तेव्हा दिसलं का, मला माहीत नाही. बॉल सुटला आणि जाळीतून नुसता सळकन गेला. रिंगला लागलासुद्धा नाही.

63-62.

आजोबांचा टीव्ही आज बंद झाला नव्हता. भिंतीवर त्यांनी दोनदा थाप मारली. मी उलट थाप मारली.

आणि मग मी नवऱ्याला ते दोन फ्री थ्रो सांगितले. वीस वर्षांनी. पहिला कसा आपटला, दुसरा कसा पोचलाच नाही, जीपमध्ये कोणती गाणी म्हटली. तो ऐकत राहिला. म्हणाला, “मग कर की सरांना फोन.” साताऱ्याकडे रविवारची सकाळ, सहा वाजून गेलेले. सर, म्हणजे कॉलेजातले आमचे कोच, पहाटे उठणारे. नंबर एका मैत्रिणीकडून घेऊन दोन वर्षं फोनमध्ये पडून होता.

“सर, पाडव्याच्या शुभेच्छा. ओळखलंत का?” मी नाव सांगितलं.

“अगं पोरी! कुठं आहेस तू?”

इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, “सर, ती 99 ची फायनल आठवते का? माझे दोन फ्री थ्रो...”

सर जरा थांबले. “फायनल आठवते. हरलो आपण. फ्री थ्रोचं म्हणशील तर त्या मॅचमध्ये आपल्या पोरींनी मिळून किती घालवले असतील, कोण मोजतं. मला दुसरं आठवतं. जूनमध्ये सगळ्या आल्या, तू आली नाहीस. मी महिनाभर यादीत तुझं नाव तसंच ठेवलं होतं.”

मला काही बोलता आलं नाही. ‘सर’ एवढंच म्हटलं. ते म्हणाले, “असू दे. नातवाला शाळेत सोडायचंय... नाही, आज रविवार. असू दे. पुन्हा कर फोन.”

सोमवारी, 8 एप्रिलला, फायनल झाली, टेक्सस टेकशी. तीही जादा वेळेत गेली. हंटर, जो आदल्या वर्षी मनगटाला प्लॅस्टर घालून बसला होता, त्याने 27 गुण केले आणि शेवटच्या बारा-तेरा सेकंदांत तीनचा टाकून बरोबरी साधली ती त्यानेच. 85-77. पण मला त्या मॅचमधला वेगळाच आकडा पाठ आहे: जादा वेळेत व्हर्जिनियाला 12 फ्री थ्रो मिळाले आणि 12 ही आत गेले. सीझनभरात 35 विजय, 3 हारी, युनिव्हर्सिटीच्या इतिहासातला या स्पर्धेचा पहिला कप. मध्यरात्री कॉर्नरवर, म्हणजे ग्राउंड्सच्या समोरच्या दुकानांच्या गल्लीत, नारिंगी आणि निळा असा पोरांचा पूर आला. आम्ही लेकीला झोपेतून उठवून, स्वेटर चढवून नेलं. आजोबा काठी घेऊन आधीच फुटपाथवर उभे होते.

पुढचं सगळं बातम्यांतलं. सप्टेंबरमध्ये बेनेट यांनी मिळणारी पगारवाढ नाकारली, ती सहकाऱ्यांकडे वळवायला सांगितली आणि खेळाडूंच्या पुढच्या आयुष्यासाठी पाच लाख डॉलर स्वतः दिले. 2020 च्या मार्चमध्ये कोविडमुळे स्पर्धाच झाली नाही, म्हणून कप आणखी एक वर्ष इथेच राहिला. 2023 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या पर्ड्यूला सोळाव्या फेअरली डिकिन्सनने हरवलं. त्या रात्री आमच्या गावात कुणी हसलं नाही. उलट अनेकांना ती पोरं आपलीच वाटली. पुढच्याच वर्षी पर्ड्यू फायनलपर्यंत गेली. 2024 च्या ऑक्टोबरात, सीझन तोंडावर असताना, बेनेट निवृत्त झाले. कॉलेजच्या खेळात आलेला पैसा, पोरांचं दरवर्षी टीम बदलणं, या नव्या व्यवहारासाठी आपण योग्य माणूस नाही असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

2025 च्या मार्चमध्ये नवे कोच जाहीर झाले: रायन ओडम. 2018 च्या त्या शुक्रवारी यूएमबीसीचे कोच होते ते हेच. त्यांचे वडील डेव्ह ओडम 1980 च्या दशकात इथे असिस्टंट कोच होते, त्यामुळे रायन यांचं बालपण याच गावातलं. बातमी मला आजोबांनीच दिली. आता ते फारसे बाहेर पडत नाहीत. खिडकीतून हाक मारली. त्यांच्या आवाजात राग शोधला, सापडला नाही. “घरचाच पोरगा आहे,” म्हणाले.

आठवड्यावर पाडवा आला होता. श्रीखंडाचं दही बांधून ठेवलं आणि लेकीला घेऊन मी जवळच्या पार्कातल्या कोर्टवर गेले. ती आता तेरा-चौदा वर्षांची, माझ्यापेक्षा उंच. ती रिंगखाली उभी राहून बॉल परत टाकते आणि मोजते. रेघ पंधरा फुटांवर, रिंगला साखळीची जाळी. बॉल आत गेला की ती छुमछुम वाजते. पंचवीस टाकले. चौदा गेले.